मोरपिशी की जर्दाळू? भिंतीचा रंग ठरवताना या चुका टाळा

हॉलला मोरपिशी द्यायचा की जर्दाळू, यावर घरात दोन तट पडले की कुणीतरी रंगाऱ्याला सांगतं, "दोन्ही शेजारी-शेजारी मारून दाखव." गफलत होते ती इथेच. विरुद्ध रंग शेजारी आले की एकमेकांना भडक करतात. पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात विणकामातला काळा धागा फिका दिसतो अशी तक्रार होती. तिथला रसायनशास्त्रज्ञ शेव्ह्रल याने तपासलं, तर काळा चोख होता. दोष शेजारच्या धाग्यांचा. 1839 मध्ये त्याने याचा नियमच मांडला. तुमच्या भिंतीवर शेवटी एकच रंग राहणार, मग त्याची परीक्षा दुसऱ्याच्या संगतीत कशाला?

दोन फुटी पांढरे पुठ्ठे घ्या. प्रत्येकावर एकेक रंग, दोन हात. कडेला दोन बोटं पांढरं सोडा, म्हणजे जुन्या भिंतीचा रंग मध्ये लुडबुड करत नाही. आज एक पुठ्ठा लावा, उद्या दुसरा. सोफ्यामागे, खिडकीसमोर, फरशीलगत असा फिरवत राहा. शेड कार्डावरच्या इवल्या चौकोनावर विसंबू नका; तोच रंग भिंतभर जास्त गडद वाटतो.

पुठ्ठा रात्री बघायचा राहूनच जातो, आणि नोकरदार माणूस हॉलमध्ये बसतो तो रात्रीच. 6500 केल्विनचा (हे उजेडाच्या छटेचं माप) पांढरा एलईडी जर्दाळूची ऊब काढून घेतो; 3000 च्या पिवळसर उजेडात मोरपिशी हिरवट होतो.

ओला रंग पाहून दुकानदाराशी भांडू नका. इमल्शन वाळलं की छटा बदलते, बहुतेकदा किंचित गडद होते. रंग मात्र एकाच वेळी पुरेसा आणा आणि सगळे डबे मोठ्या बादलीत एकत्र करा. नंतर मिसळून आणलेला लिटर तंतोतंत जुळेलच असं नाही. भिंतीला ओल असेल तर आधी गळती काढा, नाहीतर दोन्ही रंगांचे पोपडे सारखेच सुटतील.

तरीही काटा मधोमध अडला, तर माझं मत जर्दाळूला. फिक्यावर गडद चढवणं सोपं. उलट करायचं तर प्राइमर आणि जादा हात, म्हणजे मजुरीही वाढली.

रंग देऊन झाल्यावर पस्तावलात, तर रंगाऱ्याला फोन करण्याआधी बल्ब बदलून पाहा.