ओढ्याकाठची पट्टी: पाणी, करार आणि रोपे

ओढ्याचा काठ पिकाखालून काढून गवत-झाडांना द्यायचा आणि त्याबदल्यात दरवर्षी मोबदला घ्यायचा, अशा ऐच्छिक योजना बऱ्याच देशांत आहेत. अमेरिकेतली मोठी योजना १९८५च्या शेती कायद्याने सुरू झाली. तिचे करार १० ते १५ वर्षांचे असतात. इतकी वर्षे निभवायचे असल्याने जागा नीट पारखून घ्यावी.

पारख करायची ती जोराच्या पावसात. शेताच्या खालच्या कडेने चालत जा आणि पाणी जिथे जिथे ओढ्यात उतरते तिथे खुंटी ठोका. पाणी पातळ पसरून, संथपणे गवतातून गेले तर गाळ आणि त्याला चिकटलेला फॉस्फरस वरच अडतो. जमिनीतून झिरपणाऱ्या पाण्यातल्या नायट्रेटचे मुळांजवळच्या ओल्या मातीतले जिवाणू नायट्रोजन वायूत रूपांतर करतात. पण सगळे पाणी दोन-तीन ओहळांतूनच उतरत असेल तर ३० मीटरची पट्टीही नुसती शोभेची. रुंदीवर तासन्‌तास वाद होतात, ओहळांकडे कुणी बघत नाही. ओहळाच्या तोंडाशी पट्टी रुंद ठेवा आणि ओहळ उथळ, पसरट करून त्यात दाट गवत लावा.

जमिनीखाली निचऱ्याचे पाईप असतील तर आणखी एक पंचाईत. त्यांचे पाणी पट्टीच्या मुळांना न शिवता थेट ओढ्यात पडते. अशा ठिकाणी पट्टीच्या वरच्या कडेला ओढ्याला समांतर सच्छिद्र पाईप टाकून पाणी त्यात वळवावे, म्हणजे ते मातीतून झिरपत जाते.

रुंदी मोजायची ती काठाच्या माथ्यापासून. पाण्याच्या कडेपासून मोजली तर उन्हाळ्यात एक आकडा येतो, पावसाळ्यात दुसरा, आणि तपासणीला तंटा होतो. अमेरिकी नियमात झाडांच्या पट्टीला किमान ३५ फूट लागतात. उतार जास्त तशी रुंदी वाढवावी. पाण्यालगत स्थानिक झाडे, जी पुढे तोडायची नाहीत, त्यामागे झुडपे, आणि शेताच्या बाजूला ताठ काड्यांचे दाट गवत. गवताचा हा शेवटचा थर जागा वाचवायला गाळू नका, गाळ अडवण्याचे बहुतेक काम तोच करतो.

आता करार. मंजुरी हातात येईपर्यंत एकही रोप लावू नका, कारण आधीच झालेल्या कामाला सहसा पैसे मिळत नाहीत. लागवडीच्या खर्चातला योजनेचा वाटा बहुधा काम झाल्यावर, पावत्या दाखवल्यावर येतो, म्हणून सुरुवातीचे पैसे स्वतःचे हवेत. सही करण्याआधी या गोष्टी शब्दांत लिहिलेल्या आहेत का ते बघा: हद्दीचा मोजणी नकाशा, पुराने किंवा दुष्काळाने रोपे मेली तर पुन्हा लागवड कोणाच्या खर्चाने, गवत कधी कापता येईल (पक्ष्यांच्या विणीच्या काळात नाही), जनावरे सोडता येतील का, जमीन विकली तर करार कोणाकडे जाईल, मध्येच मोडला तर काय परत करावे लागेल. शेवटचे कलम दोनदा वाचा. काही करारांत आजवर मिळालेली सगळी रक्कम व्याजासह फेडावी लागते. जमीन कसायला घेतलेली असेल तर मालकाची संमतीही लेखी घ्या.

पैसे कशाचे मिळतात तेही तपासा. बहुतेक ठिकाणी काम केल्याचे मिळतात, काही ठिकाणी निकालाचे. आयर्लंडच्या बरेन भागात गवताळ रानांना १० पैकी गुण देतात आणि गुण जास्त तसा मोबदला जास्त. निकालाचा करार घेणार असाल तर सुरुवातीची स्थिती ठरावीक जागी उभे राहून काढलेल्या, तारीख असलेल्या फोटोंनी नोंदवून ठेवा.

लागवडीआधी मुळांनी पसरणारी बारमाही तणे संपवा. रोपांमध्ये शिरल्यावर ती काढणे जवळजवळ अशक्य. ३ × ३ मीटर अंतराने हेक्टरी साधारण १,१११ रोपे बसतात. प्रत्येक रोपाभोवती १ मीटर व्यासाचे आळे तणमुक्त ठेवून आच्छादन घाला, पण ते खोडाला टेकू देऊ नका; ओल धरून साल कुजते आणि उंदरांना आडोसा मिळतो. रोपे मरतात ती मुख्यतः पहिल्या दोन-तीन वर्षांत, गवताशी पाण्यासाठी झगडून. दरवर्षी जिवंत रोपे मोजा आणि नांग्या भरा.

जनावरे असतील तर कुंपण आधी, रोपे नंतर. आणि कुंपणाबाहेर पाण्याची सोय त्याहूनही आधी, नाहीतर तहानलेली गुरे तारा मोडतात. कुंपण ओढा ओलांडते तिथे पुरात सहज सुटेल अशी एकच तार लावा. पक्की जाळी ओंडके अडवते आणि डांबांसकट वाहून जाते.

काही वर्षांनी पट्टीच्या शेताकडच्या कडेला गाळाचा बुटका बांध तयार होतो. नांगराचे शेवटचे तासही तिथेच पडत असेल तर तो लवकर वाढतो. मग पाणी गवतात न शिरता बांधाच्या कडेने धावते आणि सापडेल त्या फटीतून एकदम ओढ्यात कोसळते. सुक्या दिवसांत ही माती खरवडून वरच्या शेतात पसरा, उघड्या पडलेल्या जागी गवताचे बी टाका, आणि त्या कडेला नांगरताना माती शेताच्या आतल्या बाजूला पलटा. या दुरुस्तीला योजनेची परवानगी लागते का, ते करार करतानाच विचारून ठेवा.