व्हेरिगेटेड होया: कुठे शोधायचा, घेताना काय बघायचं आणि घरात कसा टिकवायचा

होया म्हणजे जाड, मेणचट पानांची वेल, आणि व्हेरिगेटेड म्हणजे जिच्या एकाच पानात हिरव्याबरोबर पांढरा, पिवळा किंवा गुलाबी रंगही असतो ती. असा पांढऱ्या काठाचा होया हौसेने आणला आणि पावसाळ्यात मुळाशी कुजला, नाहीतर वर्षभरात सगळी नवी पानं हिरवीच यायला लागली, असं सांगणारे मला खूप जण भेटतात आणि दर वेळी वाईट वाटतं, कारण हे झाड खरंच इतकं नाजूक नाहीये. एक गोष्ट डोक्यात पक्की बसली ना की पुढचं सगळं सोपं जातं. पानाचा पांढरा, पिवळा, गुलाबी भाग झाडासाठी काहीच कमवत नाही. तिथे हरितद्रव्य नाही म्हणजे अन्न तयार होत नाही, हिरव्या भागाच्या कमाईवर तो बसून खातो. म्हणूनच व्हेरिगेटेड होया साध्या होयापेक्षा हळू वाढतो, उन्हात लवकर भाजतो आणि पाणीही कमी पितो.

१. आधी कोणता घ्यायचा ते ठरवा

पहिल्यांदा घेत असाल तर होया कार्नोसाच घ्या. यात दोन प्रकार सगळीकडे दिसतात, क्रिमसन क्वीन आणि क्रिमसन प्रिन्सेस, आणि विकणारेसुद्धा त्यांची नावं सर्रास उलटी सांगतात. सोपी खूण म्हणजे साडी आठवा. क्वीनला काठ असतो, पानाच्या कडेने पांढरी किंवा गुलाबी पट्टी आणि मध्ये हिरवं. प्रिन्सेसचं उलटं, काठ हिरवा आणि मधोमध पिवळट पांढरं, शिवाय तिची कोवळी फांदी बऱ्याचदा लालसर गुलाबी असते. पानाचा काठ आणि मधला भाग पेशींच्या वेगवेगळ्या थरांतून बनतात, त्यामुळे हे दोन नमुने तयार होतात. माझ्याकडे दोन्ही आहेत आणि हिरवी पडायची खोड प्रिन्सेसला जास्त आहे, म्हणून नवशिक्यांना मी क्वीनच सुचवते.

थोडा हात बसला की मग होया ऑस्ट्रेलिस लिसा, मॅक्रोफायला व्हेरिगाटा, किंवा ते पिळदार पानांचं कॉम्पॅक्टा, ज्याला इंग्रजीत ‘हिंदू रोप’ म्हणजे दोरी म्हणतात. कॉम्पॅक्टा दिसायला फार देखणा, पण त्याच्या वळलेल्या पानांत कीड लपली तर बाहेर काढता काढता जीव जातो, त्यामुळे पहिला होया म्हणून तो नकोच.

आणि होया प्युबिकॅलिक्ससारख्या प्रकारांच्या पानांवर चंदेरी ठिपके असतात ते व्हेरिगेशन नाही. पानाच्या वरच्या त्वचेखाली हवेचे बारीक कप्पे असतात म्हणून ते चमकतात, खाली हरितद्रव्य असतंच. सुंदर दिसतात, जरूर घ्या, पण व्हेरिगेटेड म्हणून जास्त पैसे मोजू नका.

२. कुठे शोधायचा

पुण्याच्या आसपास असाल तर उरुळी कांचनच्या नर्सऱ्या एक दिवस काढून फिरा. जानेवारीत एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन असतं, मुंबईत राणीच्या बागेत साधारण फेब्रुवारीत भरतं, तिथे स्टॉल लागतात आणि मुख्य म्हणजे झाड हातात घेऊन बघता येतं. ऑनलाइन घेणार असाल तर कालिम्पाँगकडचे नर्सरीवाले होयासाठी चांगले ओळखले जातात. मात्र तिथल्या थंड हवेतलं झाड आपल्याकडे आलं की पहिले काही आठवडे रुसतं, एखाददुसरं पान पिवळं पडून गळतं. घाबरून लगेच कुंडी बदलू नका, सावलीत निवांत राहू द्या. एप्रिल-मेमध्ये मागवणं टाळाच, बंद खोक्यात चार-पाच दिवसांच्या उकाड्यात पानं शिजल्यासारखी होतात.

दोन ठिकाणी लोक हमखास फसतात.

एक म्हणजे बिया. व्हेरिगेटेड होयाच्या बिया म्हणून पाकिटं विकतात, ती घेऊ नका. क्वीन-प्रिन्सेसचा हा रंग बीमधून पुढे जात नाही, बीपासून एकतर पूर्ण हिरवं रोप येईल किंवा पूर्ण पांढरं, आणि पांढरं असेल तर ते थोड्याच दिवसांत मरतं. हा नमुना टिकतो तो फक्त कटिंगमधून.

दुसरं म्हणजे कुंडीत खोचलेलं ते बदामाच्या आकाराचं एकच पान, होया केरी. थायलंडमध्ये काम केलेल्या आर्थर केर या डॉक्टर-वनस्पतिशास्त्रज्ञाचं नाव त्याला दिलंय. १४ फेब्रुवारीच्या सुमारास दुकानं या पानांनी भरतात. मला भेट मिळालेलं असं एक पान दोन वर्षं जसंच्या तसं हिरवंगार उभं होतं, मुळंही मस्त फुटली होती, पण एक फुटवा नाही. कारण नवीन फांदी येते ती पेरातून, म्हणजे खोडाला जिथे पान फुटतं त्या सांध्यातून, आणि नुसत्या पानाबरोबर खोडाचं पेर आलेलंच नसतं. केरी हवा असेल तर किमान दोन पेरांची वेलच घ्या.

३. घेताना पान नंतर, फांदी आधी

ही पायरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. आपण भुलतो ते पांढऱ्याशुभ्र पानांना, पण पुढची पानं कशी येणार ते फांदी सांगते. कुंडी उजेडात हळूहळू फिरवा आणि टोकाकडची शेवटची तीन-चार पेरं जवळून बघा. तिथल्या प्रत्येक जोडीत हिरवं आणि पांढरं दोन्ही आहे का? जुनी पानं सुरेख पण टोकाकडची सलग हिरवी, तर ती वेल परत साधी हिरवी व्हायला लागलीय. टोकाची तीन-चार पानं अख्खी पांढरी, तर फोटोत छान दिसेल पण त्या फांदीला स्वतःचं अन्न करता येत नाही, पुढे ती सुकतेच. मी नेहमी निम्म्याहून जास्त हिरवं असलेलं झाड उचलते.

मग पान उलटं करा, आणि पान खोडाला जिथे चिकटतं त्या खाचेत बघा. कापसाचा कण अडकल्यासारखं काही दिसलं तर तो पिठ्या ढेकूण, नर्सरीत मिलीबग म्हणतात. ते झाड कितीही आवडलं तरी ठेवून द्या.

४. कुंडी आणि माती

होया मुळात झाडांच्या खोडांवर, फांद्यांवर वाढणारी वेल आहे. आपल्या सह्याद्रीतसुद्धा होया वाइटी अशीच झाडांच्या अंगावर वाढते. म्हणजे मुळांना हवा लागते, बागेतली काळी माती नकोच. मी दोन भाग कोकोचिप्स किंवा सालीचे तुकडे, एक भाग कोकोपीट, एक भाग पर्लाइट (नर्सरीत मिळणारे पांढरे, हलके दाणे) आणि मूठभर कोळशाचे तुकडे घेते, वरून चमचाभर गांडूळखत. कोकोपीट आधी दोन-तीन पाण्यातून धुऊन घ्या, त्यात क्षार असतात.

कुंडी लहानच ठेवा. मुळांच्या गड्ड्यापेक्षा बोटभर मोठी, बस. मोठ्या कुंडीत मिश्रण दिवसेंदिवस ओलं राहतं आणि कुजण्याची सुरुवात तिथूनच होते.

५. उजेड

पूर्वेची खिडकी मिळाली तर दुसरं काही बघूच नका, सकाळचं दीड-दोन तास कोवळं ऊन आणि मग दिवसभर नुसता उजेड. दक्षिण-पश्चिमेची बाल्कनी असेल तर ५० टक्क्यांची शेडनेट किंवा पातळ पांढरा पडदा लावा. मार्च ते मे दुपारचं थेट ऊन लागलं की आधी पांढरा भागच करपतो, कागद जळल्यासारखा तपकिरी आणि कुरकुरीत होतो आणि तो डाग परत जात नाही. विदर्भ-मराठवाड्यात असाल तर उन्हाळ्यात झाड काचेपासून चार-पाच फूट आत घ्या.

पण करपेल म्हणून अंधारात ठेवणं हेही तितकंच वाईट. उजेड कमी पडला की दोन पेरांमधलं अंतर लांबतं, नवी पानं लहान येतात आणि हिरव्या फांद्या जोर धरतात. माझी फूटपट्टी अशी की दुपारी दिवा न लावता झाडाजवळ बसून पेपर आरामात वाचता आला पाहिजे.

६. पाणी

वार ठरवून पाणी घालू नका. एक खालचं, जुनं पान दोन बोटांत धरा आणि अगदी हळू दुमडून बघा. कडक असेल, वाकायला तयार नसेल तर पाणी नको. घडीच्या पोळीसारखं अलगद वाकलं तर द्या, आणि देताना कुंडीखालून वाहेपर्यंत द्या, मग ताटलीत साचलेलं ओतून टाका. माझ्याकडे उन्हाळ्यात साधारण पाच-सहा दिवसांनी वेळ येते, थंडीत दहा-बारा, आणि जुलै-ऑगस्टमध्ये कधी कधी पंधरा दिवससुद्धा.

पान मऊ आहे आणि मिश्रण ओलं आहे, असं एकत्र दिसलं तर मात्र थांबा. तो तहानलेला नाही, मुळं कुजलीत. लगेच बाहेर काढा, काळी मऊ मुळं कापा, निरोगी टोकाचं कटिंग करून ठेवा.

पावसाळ्यात ग्रिलमध्ये सतत भिजत ठेवू नका. हवेतला दमटपणा त्याला आवडतो, पाय ओले राहिलेले नाही. बोअरचं पाणी असेल तर पानांवर पांढरे डाग बसतात, ओल्या सुती फडक्याने हळू पुसा. खत वाढीच्या दिवसांतच, १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं खत लिटरला अर्धा ग्रॅम, महिन्यातून दोनदा पुरे. पांढरी पानं आहेत म्हणून जास्त खायला घालून काही होत नाही.

७. हिरवी फांदी आली तर

कापायची. जीवावर येतं हे मला माहितीये, पण हिरवी फांदी जास्त कमावते म्हणून जास्त वेगाने वाढते आणि हळूहळू सगळी वेल ताब्यात घेते. फांदीवरून मागे मागे या, शेवटचं दोन्ही रंगांचं पान जिथे दिसेल त्याच्या थोडं पुढे, स्पिरिटने पुसलेल्या कात्रीने कापा. पांढरा चीक येईल, टिश्यू दाबून धरा, हाताला लागला तर धुवा. त्या पेरातून नवा फुटवा बहुतेक वेळा परत दोन रंगांचा येतो. कापलेला हिरवा तुकडा लावून कोणाला तरी द्या, साधा होयाही गुणी असतो.

एक मात्र लक्षात ठेवा, होया आधी लांबच लांब बिनपानांची दोरीसारखी वेल सोडतो आणि पानं मागाहून येतात. ती वाळकी समजून तोडू नका, जाळीवर गुंडाळा.

कटिंग करायचं तर दोन पेरांचं, दोन्ही रंगांच्या पानांचं घ्या, चीक सुकू द्या, ओलसर स्फॅग्नम मॉसमध्ये (वाळवलेलं शेवाळ) खालचं पेर दाबून पारदर्शक डब्यात उजेडाला ठेवा. आपल्या हवेत तीन ते सहा आठवड्यांत मुळं दिसतात.

८. कीड आणि फुलं

मिलीबगसाठी कापसाच्या काडीला स्पिरिट लावून एकेक खाच पुसा, दर चार दिवसांनी, किमान तीन वेळा, कारण अंडी मागे राहतात. कोवळ्या टोकांवर आणि कळ्यांवर पिवळा मावा येतो, तो पाण्याच्या धारेने धुवा आणि मग संध्याकाळी कडुनिंबाचं तेल फवारा, उन्हात अजिबात नको, पांढरी पानं भाजतात. घरात मांजर-कुत्रं असेल तर कार्नोसा त्यांना विषारी नाही.

फुलांसाठी दोन-तीन वर्षं, कधी जास्तही थांबावं लागतं. येतात तेव्हा छोट्या गुलाबी चांदण्यांचा गुच्छ, मधोमध लाल ठिपका, आणि रात्री नऊनंतर असा गोड वास सुटतो की खोलीत शिरल्या शिरल्या कळतं. फुलं गळली की मागे जो बोटाच्या पेराएवढा देठ उरतो तो बहुतेक जण सुकला म्हणून खुडतात. तो राहू द्या, पुढच्या वर्षीचा गुच्छ त्याच देठाच्या टोकाला येतो. कळ्या दिसल्या की कुंडीची जागाही बदलू नका, गळून पडतात.