पिस्तूल, सायलेन्सर आणि आटे: काय कशावर बसतं, काय बसवू नये

अमेरिकेत १/२-२८ (अर्धा इंच व्यास, इंचाला २८ वेढे) हे आटे .२२ च्या पिस्तुलाला असतात, ९ मिमीच्या पिस्तुलाला असतात आणि ५.५६ च्या रायफललाही असतात. म्हणजे .२२ साठी बनवलेला हलका सायलेन्सर रायफलवर विनातक्रार आवळला जातो आणि पहिल्याच गोळीला फाटू शकतो. म्हणून आट्यांवरून एवढंच कळतं की वस्तू चढेल. ती चालेल का, हे छिद्राचा व्यास, काडतुसाचा दाब आणि पिस्तुलाची यंत्रणा या तिन्हींवर ठरतं.

आधी कायद्याचं. अमेरिकेत १९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स अॅक्टखाली प्रत्येक सायलेन्सर केंद्र सरकारकडे नोंदवलेला असावा लागतो. तो सहसा परवानाधारक विक्रेत्याकडून, एटीएफ या केंद्रीय शस्त्र-नियंत्रण खात्याचा फॉर्म ४ (हस्तांतराचा अर्ज) मंजूर झाल्यावर ताब्यात मिळतो. २०० डॉलरचा कर १ जानेवारी २०२६ पासून शून्य झाला आहे, पण नोंदणी आणि मंजुरी तशीच आहे. कॅलिफोर्निया, न्यू जर्सी, न्यूयॉर्क, इलिनॉय, मॅसॅच्युसेट्स, डेलावेअर, र्‍होड आयलंड आणि हवाई इथे सामान्य नागरिकाला तो ठेवताच येत नाही. आपली मराठी माणसं ज्या राज्यांत सर्वाधिक आहेत त्यांतली बरीचशी याच यादीत आहेत, तेव्हा शेजारच्या राज्यातल्या मित्राचं पाहून काही मागवू नका. कॅलिफोर्नियात तर सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलाला आटे पाडलेली नळी लावणंही गुन्ह्यात मोडू शकतं. भारतात आवाज दाबणारी जोडणी प्रतिबंधित शस्त्रांच्या वर्गात येते. सामानातून तिकडे नेण्याचा विचारही करू नये.

आता आटे. पिस्तूल रिकामं करा: मॅगझिन काढा, स्लाइड (वरचा सरकता भाग) मागे ओढून चेंबर (काडतूस बसतं ती जागा) डोळ्याने आणि बोटाने तपासा. मग नळी बाहेर काढून हातात घ्या. आट्यांवरचं टोपण काढून, जुनं तेल आणि काजळी पितळी ब्रशने साफ करून व्हर्नियरने बाहेरचा व्यास मोजा. मोजलेला आकडा नावापेक्षा थोडा कमीच येतो, ते बरोबर आहे. १/२ इंच म्हणजे १२.७ मिमी, पण व्हर्नियर १२.५ ते १२.६५ दाखवेल. एम-१३.५ (एम म्हणजे माप मिमीत) साधारण १३.३ ते १३.४५ येईल. ९/१६ इंच १४.१ ते १४.२५, आणि .५७८ इंच १४.५ ते १४.६५ च्या आसपास.

व्यासावर थांबू नका, पिच गेज (आट्यांमधलं अंतर मोजायची दातेरी पट्टी) लावा. गेज नसेल तर १० मिमी लांबीत आटे मोजा: इंचाला २८ असतील तर जवळजवळ ११ भरतात, ३६ असतील तर १४, आणि १ मिमी पिच असेल तर नेमके १०. पिस्तुलाच्या नळीवर आट्यांचा भाग जेमतेम तेवढाच असतो, त्यामुळे २८ आणि १ मिमी यांतला फरक डोळ्याने फसवतो. गेज विकत घ्या, महाग नसतं.

मग दिशा. नळी उभी धरा. आटे उजवीकडे चढत असतील तर सरळ, डावीकडे चढत असतील तर उलटे. सायकलच्या डाव्या पेडलला असतात तसे.

नेहमी भेटणारे प्रकार असे. ९ मिमीला अमेरिकन पद्धत १/२-२८ सरळ. युरोपीय पद्धत एम-१३.५×१ उलटे, ग्लॉकच्या कंपनीच्या आटेवाल्या नळ्या आणि हेकलर अँड कॉखची ९ मिमी पिस्तुलं याच घरातली. .४५ एसीपीला .५७८-२८ सरळ, पण हेकलर अँड कॉखच्या यूएसपी टॅक्टिकल .४५ ला एम-१६×१ उलटे. .४० ला ९/१६-२४. वाल्थर पी२२ ला एम-८×०.७५, त्यावर १/२-२८ चा अडॅप्टर आवळावा लागतो. कोल्ट घराण्यातल्या काही ९ मिमी कार्बाइनांना (आखूड रायफलींना) १/२-३६ असतात.

या शेवटच्या प्रकाराने अनेकांच्या नळ्या खराब केल्या आहेत. १/२-२८ चा तुकडा १/२-३६ वर एक-दोन वेढे अगदी सहज जातो, मग अडतो. तिथे पान्याने जोर लावला की दोन्हीकडचे आटे कापले जातात. दुसरी फसवी जोडी ९/१६-२४ आणि .५७८-२८ यांची: व्यासात अर्ध्या मिमीपेक्षाही कमी फरक, त्यामुळे .५७८ चा भाग ९/१६ च्या नळीवर तिरका चढू शकतो. नियम साधा आहे. बरोबर जोडी असेल तर ती तेलाच्या थेंबावर, फक्त बोटांनी, शेवटपर्यंत फिरते. अडली तर परत काढा आणि पुन्हा मोजा.

एकाच सायलेन्सरला वेगवेगळे आटे हवे असतील तर त्याच कंपनीचे, त्याच मॉडेलचे वेगळे पिस्टन घ्या. पिस्टन म्हणजे सायलेन्सरच्या मागच्या बाजूला बसणारा, आतून आटे असलेला तुकडा. नोंदणी सायलेन्सरची असते, पिस्टन साधा सुटा भाग म्हणून मिळतो. आतल्या बॅफलचं (वायू अडवणाऱ्या चकतीचं) मात्र तसं नाही, कायद्याच्या नजरेत तो सुटा बॅफलही सायलेन्सरच असतो. एका कंपनीचा पिस्टन दुसर्‍या कंपनीच्या नळकांड्यात बसेल असं गृहीत धरू नका. आट्यांवर आटे चढवणारा अडॅप्टर हा शेवटचा पर्याय ठेवा: प्रत्येक जोड थोडा वाकडेपणा आणतो, आणि सायलेन्सर काढताना तो अडॅप्टरसकट निघून येतो.

आता पिस्तुलाची यंत्रणा. खरी गल्लत इथेच होते. ग्लॉक, सिग, १९११, एफएन ५०९ अशा बहुतेक ९ मिमी आणि .४५ पिस्तुलांत गोळी सुटल्यावर नळी आणि स्लाइड आधी एकत्र मागे येतात, मग नळीचं मागचं टोक खाली झुकतं आणि स्लाइड मोकळी होते. नळीच्या तोंडाशी दोनशे-तीनशे ग्रॅम वजन घट्ट बांधलं की नळी वेळेत मागे येत नाही, झुकत नाही, आणि प्रत्येक गोळीनंतर स्लाइड हाताने ओढावी लागते. यावर उपाय म्हणजे बूस्टर, ज्याला नील्सन डिव्हाइसही म्हणतात. पिस्टन आणि सायलेन्सर यांच्यामध्ये एक स्प्रिंग असते. नळी पिस्टनसह मागे येते, सायलेन्सर क्षणभर जागीच राहतो, त्यामुळे नळीला त्याचं वजन जाणवत नाही.

नळी जागची हलतच नसेल, जसं रुगर मार्क ४, वाल्थर पीपीके किंवा बहुतेक ब्लोबॅक (न हलणाऱ्या नळीच्या) कार्बाइन, तर स्प्रिंग काढून तिच्या जागी स्पेसर (न दबणारी कडी) घाला. स्प्रिंग तशीच ठेवली तर प्रत्येक गोळीला सायलेन्सर पुढे जाऊन मागे आपटतो आणि पिस्टन किंवा त्याची बैठक तुटते. एमपी५ या सबमशीनगनच्या धर्तीच्या थ्री-लग (नळीवर तीन उंचवटे असलेल्या) माउंटलाही हेच लागू. उलट चूकही तितकीच होते: काल कार्बाइनवर वापरलेला स्पेसर आत राहिला आणि आज ग्लॉक दर गोळीला अडकतंय. पिस्तूल अडकलं की आधी ते रिकामं करा, मग जाड हातमोजा घालून सायलेन्सर पुढे ओढून पाहा. स्प्रिंगचा ताण लागला पाहिजे.

स्पेसर नाही, तरी अडकतंय? पिस्टन कोरडा असेल, तिथे ग्रीसचा पातळ थर द्या. काजळी साचली असेल, पुसा. काडतूस फार कमी ताकदीचं असेल, बदलून बघा.

कॅलिबरबाबत एकच दिशा सुरक्षित आहे: मोठ्या छिद्रातून लहान गोळी. .४५ चा सायलेन्सर योग्य पिस्टन लावून ९ मिमीवर बहुधा चालतो, आवाज थोडा जास्त येईल एवढंच. ९ मिमीचा सायलेन्सर .४० किंवा .४५ वर कधीही नाही; .४५ ची गोळी ११.४ मिमीहून जाड असते. आणि व्यास जुळला तरी दाब बघा. सामी या अमेरिकन काडतूस-मानक संस्थेच्या दाबाच्या मर्यादेनुसार .२२ एलआर २४,०००, .४५ एसीपी २१,०००, ९ मिमी ३५,०००, .३५७ सिग ४०,००० आणि .२२३ रेमिंग्टन ५५,००० पीएसआय. .३५७ सिगची गोळी ९ मिमीचीच असते, पण कंपनीच्या कागदावर तिचं नाव नसेल तर ती चालवू नका. .३०० ब्लॅकआउटला काही ९ मिमी सायलेन्सर फक्त सबसॉनिक (ध्वनीपेक्षा हळू जाणाऱ्या) गोळ्यांपुरते मान्य असतात. .२२ एलआर दाबाने निरुपद्रवी, पण शिशाची घाण इतकी करते की न उघडणार्‍या सायलेन्सरमध्ये ती कधीच घालू नये.

पहिली गोळी सोडण्यापूर्वी सरळपणा तपासा. सुट्या नळीवर सायलेन्सर चढवा, कॅलिबरच्या मापाचा अचूक दांडा पुढून सरकवत नळीत न्या आणि पुढच्या झाकणाच्या छिद्रात दांड्याभोवतीची फट पाहा. ती सगळीकडून सारखी हवी. एका बाजूला दांडा चिकटत असेल तर आट्यांत कचरा आहे, पिस्टन पूर्ण बसलेला नाही, किंवा नळीचे आटेच वाकडे कापले गेलेत. शेवटचं कारण असेल तर नळी बदला, कारण त्या वाकडेपणामुळे गोळी बॅफलला घासू शकते.

मैदानावर पहिल्या वेळी मॅगझिनमध्ये एकच गोळी भरा, मग दोन, मग पूर्ण. प्रत्येक मॅगझिननंतर, पिस्तूल रिकामं करून, जाड हातमोजा घालून सायलेन्सर घट्ट आहे का बघा. तो गोळीबारात सैल होत जातो, आणि सैल झाला की वाकडा होतो. ९ मिमीत १४७ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी साधारण ३०० मीटर प्रति सेकंदाने जाते आणि ध्वनिवेगाखाली राहते. ११५ ग्रेनची बहुधा वर जाते आणि हवेत तिचा वेगळा कडाका ऐकू येतो, तो कुठलाच सायलेन्सर थांबवत नाही. उघड्या ९ मिमीचा आवाज १६० डेसिबलच्या आसपास असतो. सायलेन्सर लावूनही कान झाकलेच पाहिजेत.

गोळ्या दुसरीकडे लागत असतील तर घाबरू नका. अनेक मॉडेलांत, पिस्तूल रिकामं करून, सायलेन्सर पुढे ओढून एक खाच फिरवून सोडला की नेम सरकतो. सगळ्या खाचा करून बघा आणि जी जमली तिथे रंगाची बारीक खूण करा. नेम धरायची मूळ साइट सायलेन्सरच्या मागे झाकली जात असेल तर उंच साइट बसवून घ्या. घरी आल्यावर पिस्टन बाहेर काढून पुसा, ग्रीस बदला आणि नळीच्या आट्यांवर टोपण परत लावा.