प्रेस युअर लक: आधी लार्सनचा डाव बघा, मग गेमला हात लावा

जुने अमेरिकन गेम शो बघायचा नाद लागला की माणूस कधी ना कधी प्रेस युअर लकपर्यंत पोचतोच, आणि पोचल्यावर बहुतेक जण एकच चूक करतात, थेट व्हिडिओ गेम घेतात, दोन-तीन डाव खेळतात, तो लाल व्हॅमी, म्हणजे पैसे पळवणारं कार्टून पात्र, येऊन सगळे पैसे नेतो आणि मग "हे तर नुसतं नशीब आहे, यात खेळायचं काय" म्हणून गेम कायमचा बंद. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण या शोमध्ये नशीब आहे तेवढीच थांबायची अक्कल पण लागते, आणि ती अक्कल आधी शोचे दोन-तीन एपिसोड, त्यातही मायकल लार्सन या स्पर्धकाचा डाव, नीट बघितल्याशिवाय येत नाही. म्हणून ही सगळी कृती मी ज्या क्रमाने सांगतोय त्याच क्रमाने करा.

आधी नियम, पण पटकन

शो सीबीएस या अमेरिकन चॅनेलवर १९ सप्टेंबर १९८३ ला सुरू झाला आणि २६ सप्टेंबर १९८६ ला संपला, होस्ट पीटर टोमार्कन. तीन स्पर्धक असतात. आधी प्रश्न, जो पहिला बझर दाबून बरोबर उत्तर देतो त्याला ३ स्पिन (म्हणजे नंतर बोर्डावर बटण दाबायच्या संधी), बाकीचे दोघं नंतर दिलेल्या पर्यायांतून बरोबर निवडतात त्यांना १ स्पिन. मग मोठा बोर्ड. चौकटीसारखे लावलेले १८ चौकोन, प्रत्येकात पैसे, वस्तू नाहीतर व्हॅमी, चौकोनातली चित्रं सारखी बदलत असतात आणि वरून दिवा या चौकोनावरून त्या चौकोनावर उड्या मारत असतो. बटण दाबलं की दिवा जिथे थांबेल ते तुमचं. व्हॅमी आला तर तोपर्यंत जमवलेलं सगळं शून्य, आणि चार व्हॅमी झाले की तुम्ही खेळातून बाहेर. प्रश्न आणि बोर्ड असं दोनदा होतं, दुसऱ्या वेळी रकमा मोठ्या.

आता जो नियम लोक वाचतात आणि लगेच विसरतात तो, पासिंगचा. तुमच्याकडे उरलेले स्पिन नको असतील तर ते पास करता येतात, पण ते तुमच्या मर्जीने कोणालाही नाही, समोरच्या दोघांपैकी ज्याच्याकडे जास्त पैसे आहेत त्यालाच जातात. आणि ज्याला मिळाले त्याला ते खेळावेच लागतात, तो ते परत पास करू शकत नाही. एकच सूट आहे, पास होऊन आलेल्या स्पिनवर व्हॅमी आला तर उरलेले पास झालेले स्पिन त्याच्या स्वतःच्या कमाईच्या खात्यात जातात, मग त्यांचं काय करायचं ते त्याच्या हातात. हे वाक्य दोनदा वाचा, अख्ख्या शोची मजा इथे आहे, कारण स्पिन म्हणजे संधी पण आणि धोका पण, आणि तो धोका तुम्ही उचलून दुसऱ्याच्या पुढ्यात ठेवू शकता.

लार्सनचा डाव कसा बघायचा

जून १९८४ मध्ये ८ आणि ११ तारखेला दाखवलेले दोन एपिसोड शोधा. डाव एकच आहे पण एवढा लांबला की सीबीएसला त्याचे दोन तुकडे करावे लागले. स्पर्धक मायकल लार्सन, ओहायोतल्या लेबनन गावचा, आइस्क्रीमची गाडी चालवणारा माणूस. त्याने घरी शोचे एपिसोड व्हीसीआरवर टेप केले आणि एकेक फ्रेम थांबवून बघत बसला आणि त्याला दिसलं की दिवा वाटेल तसा उड्या मारतच नाहीये, त्याच्या उड्यांच्या फक्त पाच ठरलेल्या रांगा, म्हणजे क्रम, आहेत आणि त्याच फिरून फिरून येतात. आणि १८ पैकी दोन चौकोन असे आहेत की तिथे व्हॅमी कधी येतच नाही, ४ नंबर आणि ८ नंबर. डाव्या वरच्या कोपऱ्यापासून घड्याळाच्या दिशेने मोजायचं, म्हणजे ४ नंबर वरच्या ओळीत डावीकडून चौथा आणि ८ नंबर उजव्या बाजूला वरून तिसरा. दुसऱ्या फेरीत ४ नंबरवर तर ३०००, ४००० किंवा ५००० डॉलर, आणि वर एक स्पिन फुकट. दोन्ही चौकोनांवर पैशांबरोबर स्पिन मिळत होता, म्हणजे एक स्पिन खर्च झाला की एक परत आला, खेळ संपायचं कारणच नाही. व्हॅमी कुठे नाही हे तर त्याने शोधलंच, पण स्पिन कुठे संपत नाही हे पण शोधलं आणि मला ते जास्त हुशारीचं वाटतं.

पहिल्यांदा नुसतं बघा, काही लिहू नका. पहिल्या फेरीत त्याचा पहिलाच स्पिन व्हॅमीवर जातो, फेरी संपते तेव्हा त्याच्याकडे फक्त २५०० डॉलर असतात आणि तिघांत तो शेवटचा. दुसऱ्या फेरीत सगळ्यात कमी पैसेवाला आधी खेळतो म्हणून ७ स्पिन घेऊन तो सुरू करतो आणि मग ते थांबतच नाही.

दुसऱ्यांदा बघताना त्याच्या चेहऱ्याकडे बघा, बोर्डाकडे नको. बाकीचे स्पर्धक ओरडत असतात, "बिग बक्स, नो व्हॅमी, स्टॉप!" आणि बटण दाबल्यावर एक क्षण थांबतात, काय आलं ते बघतात आणि मग नाचतात. लार्सन बटणाआधी एकदम गप्प, नजर बोर्डावर खिळलेली, आणि बटण दाबल्या दाबल्या हात वर, कारण काय येणार ते त्याला आधीच माहीत असतं. हे एकदा दिसलं की मग दुसरं काही दिसत नाही. टोमार्कनचं पण बघा, सुरुवातीला तो खुश असतो, मग आश्चर्य, मग त्याला काय बोलावं तेच सुचत नाही आणि तरी तो माणूस शो हसत हसत चालू ठेवतो, होस्टिंग शिकायचं असेल तर हेच शिका.

तिसऱ्यांदा बघताना कागद घ्या, डाव्या बाजूला १ ते १८ आकडे लिहा आणि व्हिडिओचा वेग पाव करून दिवा कुठून कुठे जातो ते लिहीत जा. अर्ध्या तासात रांगा परत येताना दिसायला लागतात. लार्सनकडे तेव्हा व्हीसीआरचं पॉज बटण होतं, तुमच्याकडे स्लो मोशन आहे, त्यामुळे तुम्हाला बरंच सोपं जाणार.

शेवट पण नीट बघा. एक लाखाच्या वर गेल्यावर तो थकतो, लक्ष विचलित व्हायला लागतं आणि तो उरलेले स्पिन पास करतो. पण मग समोरची स्पर्धक तिच्याकडचे ३ स्पिन त्यालाच पास करते, आणि ते त्याला खेळावेच लागतात! ज्या माणसाने थांबायचं ठरवलं त्याला खेळाने थांबू दिलं नाही, मला तर हा भाग बाकी सगळ्यापेक्षा जास्त थरारक वाटतो. एकूण १,१०,२३७ डॉलर, रोख आणि बक्षिसं मिळून, गेम शोच्या इतिहासात तोवर एका दिवसात एवढं कोणी जिंकलं नव्हतं. सीबीएसने चौकशी केली, पण बोर्ड बघून लक्षात ठेवणं कुठल्याच नियमात मना नव्हतं, म्हणून पैसे दिले. नंतर बोर्डाच्या रांगा वाढवल्या. लार्सन १९९९ मध्ये गेला. त्याला फसवणारा म्हणणारे लोक आहेत, मला ते पटत नाही, त्याने बोर्डाला हात लावला नाही की कोणाला फितवलं नाही, फक्त सगळ्यांपेक्षा जास्त लक्ष देऊन बघितलं.

बाकी काय बघायचं

लार्सननंतर एकदम दुसरा एपिसोड लावला तर तो फिका वाटेल, म्हणून मध्ये एक दिवस जाऊ द्या. मग तो सिल्व्हेस्टर या कार्टून मांजरावाला एपिसोड शोधा, "सफरिन सकोटॅश" हे कोण म्हणतं असा प्रश्न होता, शोच्या कार्डावर उत्तर होतं डॅफी डक, म्हणजे कार्टूनमधलं बदक, आणि सिल्व्हेस्टर हे उत्तर चूक धरलं गेलं. शेवटी दोघांनाही आवाज देणाऱ्या मेल ब्लँकचा फोन येतो, सिल्व्हेस्टरच्या आवाजात! शोने चूक मान्य केली आणि त्या स्पर्धकांना परत खेळायला बोलावलं. व्हॅमीची छोटी छोटी कार्टून पण मुद्दाम थांबवून बघा, सॅव्हेज स्टीव्ह हॉलंडने केलेली, आणि व्हॅमीचा आवाज शोचा निर्माता बिल कॅरथर्स स्वतः द्यायचा. पैसे गेल्याचं दुःख त्या कार्टूनमुळे हलकं होतं.

पुढे २००२ मध्ये व्हॅमी नावानेच नवीन आवृत्ती आली, टॉड न्यूटन होस्ट, त्यात २००३ मध्ये लार्सनच्या डावातले ते दोन्ही प्रतिस्पर्धी परत आले आणि लार्सनच्या जागी त्याचा भाऊ खेळला. २०१९ मध्ये एबीसी चॅनेलवर एलिझाबेथ बँक्स होस्ट असलेली आवृत्ती सुरू झाली, ती पण चांगली आहे, पण शिकायला १९८३ चीच घ्या, तिथे सगळं कसं चालतं ते उघड दिसतं.

आता गेम

मुख्य दोन धरा. एक १९८८ चा, गेमटेक कंपनीचा, डॉस (जुन्या पीसीची सिस्टीम) आणि कमोडोर ६४ (जुना घरगुती कॉम्प्युटर) वर. दुसरा २००९ मध्ये आलेला २०१० एडिशन, लुडिया आणि युबिसॉफ्ट या कंपन्यांचा, पीसी, निन्टेंडोची वी आणि डीएस ही गेम मशीन, आणि आयफोनवर.

तुमच्याकडे डॉसवाल्याची कॉपी असेल तर डॉसबॉक्स (नवीन पीसीवर जुने डॉस गेम चालवणारा प्रोग्रॅम) टाका, त्यात गेमचा फोल्डर माउंट करा, म्हणजे जोडा, आणि त्यातली एक्झी फाइल चालवा. दिवा इतका पळत असेल की डोळ्याला दिसतच नाही, तर वैतागू नका, जुने गेम नवीन मशीनवर असे पळतात, कंट्रोल धरून एफ-११ दाबत राहा, वेग कमी होत जाईल, फार मंद झाला तर कंट्रोल आणि एफ-१२. कमोडोरवाल्यासाठी व्हाइस नावाचा एम्युलेटर, म्हणजे जुन्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्रॅम, आहे. वीची डिस्क वी यूवर चालते, डीएसचं कार्ट्रिज थ्रीडीएसवर चालतं, त्यामुळे जुनं मशीन नसलं तरी अडत नाही.

खेळायला बसलात की पहिल्या डावात जिंकायचं मनात आणू नका, फक्त मोजा. ३० स्पिनमध्ये व्हॅमी किती वेळा आला ते लिहा. दिव्याची रांग पण लिहा, आणि तीच रांग परत येते का ते स्वतः तपासा, लार्सनची युक्ती इथे चालते की नाही ते वहीच सांगेल. गेममध्ये निकाल रँडम आकड्याने ठरत असेल तर बटण कधी दाबलं याला काही अर्थ नाही, मग बोटाच्या चपळाईवर वेळ घालवू नका, सगळं डोकं थांबायच्या निर्णयाला द्या.

तो निर्णय कसा घ्यायचा ते सांगतो. समजा मोजल्यावर दिसलं की सहात एक स्पिन व्हॅमी आहे. म्हणजे एक स्पिन सुखरूप जायची शक्यता साधारण ८३ टक्के, सलग दोन ६९, सलग तीन ५८, आणि सलग चार म्हणजे ४८, अर्ध्याच्याही खाली. चार स्पिन हातात असले की माणसाला श्रीमंत झाल्यासारखं वाटतं आणि खरं तर त्याचे पैसे उरायचे चान्स अर्ध्याहून कमी असतात. आता व्हॅमी सोडून बाकीच्या स्पिनवर सरासरी १००० मिळत असतील तर हिशोब असा, सहात पाच वेळा १००० येणार आणि एकदा सगळं जाणार, म्हणजे तुमच्याकडे ५००० जमेपर्यंत स्पिन घेणं फायद्याचं, त्यापुढे तोट्याचं. सहाऐवजी दुसरा आकडा आला असेल तर त्यातून एक वजा करा आणि सरासरीने गुणा, झाली तुमची सीमा.

पण ही सीमा एकट्या खेळाडूची आहे आणि इथे तुम्ही तिघं आहात, म्हणून दुसऱ्या फेरीत समोरच्यांचे पैसे सारखे बघत राहा. तुम्ही पुढे आहात आणि शेवटी खेळताय, तर स्पिन पास करायला जराही लाजू नका, दुसऱ्या नंबरवाल्याला ते खेळावेच लागतील. पण तो तुमच्या अगदी जवळ असेल, एका मोठ्या स्पिनच्या अंतरावर, तर पास करणं म्हणजे त्याच्या हातात तुमची हार देणं, अशा वेळी एखादा स्पिन स्वतः घेऊन अंतर वाढवलेलं बरं. मागे असाल तर सीमाबिमा विसरा आणि खेळा, हरताना शून्यावर हरलं काय नि ३००० वर हरलं काय. आणि तीन व्हॅमी झालेले असतील तर चौथ्याला खेळच संपतो, तिथे मी जवळपास नेहमी पास करतो, तुम्ही पण करा.

एक शेवटचा प्रयोग, जमलं तर नक्की करा. कागदावर १८ चौकोनांचा बोर्ड काढा, दोन चौकोनांवर फक्त पैसे अधिक स्पिन लिहा, बाकीच्यांत व्हॅमी मिसळा, आणि दिव्याच्या पाच रांगा स्वतः लिहून लपवून ठेवा. मित्राला समोर बसवा, तुम्ही रांगेप्रमाणे बोट फिरवायचं, त्याने "स्टॉप" म्हणायचं. रांगा आहेत हे त्याला सांगू नका. किती वेळाने त्याच्या लक्षात येतं ते बघा, आणि त्याने सलग चौथ्यांदा व्हॅमी चुकवला की त्याच्या चेहऱ्याकडे बघा, तो गप्प होऊन बोर्डाकडे बघत असेल.