नवा स्टार कसा घडवायचा आणि त्याआधी पेन कोणाच्या हातात ठेवायचं

आम्ही सहा जण व्हॉट्सअ‍ॅपवर फॅन्टसी बुकिंग खेळतो, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूईसारख्या टीव्हीवरच्या रेसलिंगमधले पैलवान वाटून घेतलेत आणि दर महिन्याला पाळीपाळीने एक जण बुकर होतो, कोण जिंकणार कोण पडणार कोण कुणाच्या पाठीत खुर्ची घालणार ते सगळं तोच ठरवतो. तिसऱ्याच महिन्यात गाडी अडकली कारण प्रत्येक जण म्हणायला लागला की माझा टॉपचा माणूस हरणार नाही. मग नवीन पोरांना हरवायचं कोणाला? एकमेकांनाच. महिनाभर नुसती पोरं पोरांना पाडतायत आणि वर तेच चार म्हातारे.

हेच डब्ल्यूसीडब्ल्यू या अमेरिकन रेसलिंग कंपनीत झालं, फरक एवढाच की तिथे खरे डॉलर होते आणि मार्च 2001 मध्ये कंपनी समोरच्याला, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूएफला (आताची डब्ल्यूडब्ल्यूई) विकावी लागली. त्यामुळे ज्यांना रेसलिंगच्या व्हिडिओ गेममधला जीएम मोड (जिथे शो आपणच चालवतो) खेळायचाय, आमच्यासारखा ग्रुप चालवायचाय किंवा खरंच एखादा छोटा शो करायचा किडा आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. आणि ते "सगळं खोटं असतंय रे" वाले काका येतीलच, तर काका, हो, नुराच असते, निकाल आधीच ठरलेला. आपल्याकडे फडात नुरा कुस्ती म्हणजे शिवी, तिकडे तोच धंदा आहे. मग प्रश्न उरतो तो नुरा लिहितं कोण.

पहिलं काम, पेन.

क्रिएटिव्ह कंट्रोल म्हणजे पैलवानाच्या करारातलं असं कलम की माझ्या मॅचचा निकाल मला मान्य असल्याशिवाय चालणार नाही. हल्क होगनच्या डब्ल्यूसीडब्ल्यूच्या करारात हे होतं. त्याचं टोक बघायचं तर जुलै 2000 चा बॅश अ‍ॅट द बीच हा शो बघा, होगनला हरायचं नाही म्हणून जेफ जॅरेट रिंगमध्ये येऊन सरळ आडवा झाला, होगनने त्याच्यावर पाय ठेवून पिन केलं (खांदे टेकवून तीन मोजेपर्यंत दाबलं की जिंकलं), आणि नंतर लेखक विन्स रुसो स्वतः माइक घेऊन लोकांसमोर होगनला शिव्या घालायला लागला. होगन तर कोर्टात गेला. तिकीट काढून आलेल्या माणसाला काय मिळालं, तर ऑफिसमधली भांडणं.

पण म्हणून पैलवानाला काहीच विचारायचं नाही असं नाही हां. माझं मत असं की बोलणं त्याचं, निकाल तुमचा. जून 1996 मध्ये किंग ऑफ द रिंग स्पर्धा जिंकल्यावर स्टीव्ह ऑस्टिन जे "ऑस्टिन 3:16" बोलला ते कोणी लिहून दिलं नव्हतं, फायनलमधला समोरचा जेक रॉबर्ट्स बायबलमधलं बोलला हे कळल्यावर त्याला तिथल्या तिथे सुचलं, आणि ते टीशर्ट पुढे किती विकले गेले ते आपण गल्लीतल्या पोरांच्या अंगावर बघितलंय. रॉकला आधी रॉकी मायव्हिया म्हणून गोड गोड हसायला लावलं तेव्हा पब्लिक त्याला मर म्हणून ओरडायची, 1997 मध्ये हील, म्हणजे व्हिलन केला आणि मोकळं बोलू दिलं तेव्हा तो रॉक झाला. जॉन सिना बसमध्ये टाइमपास म्हणून रॅप करत होता ते वरच्यांच्या कानावर पडलं, तिथून त्याचं गाडं चालू झालं. म्हणजे पोरगा मोकळ्या वेळात काय करतो ते बघा, त्यातच त्याचं कॅरेक्टर पडलेलं असतंय.

व्हेटो द्यायचाच असेल तर मुदत घालून द्या, आणि मुदत संपायच्या आत चॅम्पियनचा पट्टा काढून घ्या. डब्ल्यूडब्ल्यूएफचा चॅम्पियन ब्रेट हार्टकडे शेवटच्या 30 दिवसांपुरता, तोही "वाजवी" असा शब्द घालून कंट्रोल होता, तरी नोव्हेंबर 1997 ला मॉन्ट्रियलमध्ये राडा झालाच, कारण माणूस दुसऱ्या कंपनीत चाललाय, पट्टा त्याच्या कमरेला आहे आणि मॅच त्याच्याच देशात, शॉन मायकल्सशी, ज्याच्याशी त्याचं खरंच पटत नव्हतं. शेवटी कंपनीचा मालक विन्स मॅकमॅहनने ब्रेटने हार मानलेली नसताना घंटा वाजवायला लावली. फसवणूक ती फसवणूकच, पण चूक त्याच्या कितीतरी आधी झालेली, जाणाऱ्या माणसाकडे पट्टा राहू दिला तिथे.

आता खरं काम, पोरगा वर कसा आणायचा. इथे मी जरा लांबण लावणार आहे कारण एकाच ग्रुपमधली दोन पोरं, एकच व्हिलन, आणि एक फसला एक चालला असं उदाहरण परत मिळत नाही.

डब्ल्यूडब्ल्यूईमधला इव्होल्यूशन हा व्हिलन लोकांचा ग्रुप आठवत असेल. ट्रिपल एच, रिक फ्लेअर, रँडी ऑर्टन, बटिस्टा. ऑगस्ट 2004 ला समरस्लॅममध्ये ऑर्टनने चॅम्पियन क्रिस बेन्वाला हरवलं, 24 वर्षांचा, डब्ल्यूडब्ल्यूईचा तोपर्यंतचा सगळ्यात तरुण वर्ल्ड चॅम्पियन. दुसऱ्याच रात्री बटिस्टाने त्याला खांद्यावर घेतलाय, सगळे हसतायत, ट्रिपल एच अंगठा वर करतो आणि मग खाली. धुतला पोराला. सीन म्हणून एक नंबर! पण लोकांना त्याच्याबद्दल वाईट वाटायला त्याने काही केलंच नव्हतं, कालपर्यंत तो लोकांच्या तोंडावर थुंकणारा माजोरडा होता आणि आज अचानक म्हणे आपला हिरो, आणि त्यावर कहर म्हणजे महिना व्हायच्या आत सप्टेंबरमध्ये अनफर्गिव्हन शोला ट्रिपल एचने त्याच्याकडून पट्टा परत काढून घेतला. संपलं. ऑर्टनला नंतर परत हील करावं लागलं आणि मगच तो सावरला.

त्याच चुकीवरून शिकले की काय माहीत नाही पण बटिस्टाला त्यांनी घाई केली नाही. काही महिने तो नुसता उभा असायचा, ट्रिपल एच काहीतरी बोलायचा आणि बटिस्टा फक्त भुवई वर करायचा, कधी मदतीला उशिरा यायचा, कधी ट्रिपल एचकडे बघून सूटची बटणं लावायचा. पब्लिकच ओरडायला लागली की आता मार त्याला. रॉयल रंबल जिंकला (जिंकणाऱ्याला रेसलमेनियात चॅम्पियनशी मॅच मिळते), मग फेब्रुवारी 2005 ला करारावर सही करताना त्यानेच अंगठा वर करून खाली केला, म्हणजे ऑर्टनवाला अंगठा व्याजासकट परत. एप्रिलमध्ये रेसलमेनिया 21 ला, म्हणजे वर्षातल्या सगळ्यात मोठ्या शोला, ट्रिपल एचला हरवून जिंकला. आणि महत्त्वाचं पुढे आहे: ट्रिपल एच त्याच्याकडून बॅकलॅशलाही हरला आणि जूनमध्ये व्हेन्जन्सला हेल इन अ सेलमध्येही (पिंजऱ्यातली मॅच) हरला. तीनदा. एकदा जिंकला की लोक म्हणतात लागला मटका, तिसऱ्यांदा म्हणतात नाही बाबा, हा खरंच भारी आहे.

तर यातून करायचं काय: आधी लोकांना मागायला लावा मग द्या, आणि दिलं की लगेच काढून घेऊ नका. आमच्या ग्रुपमध्ये आता नियम आहे की नवीन चॅम्पियनला किमान तीन मोठ्या शोपर्यंत हात लावायचा नाही.

घाई केली की काय होतं त्याचं आपल्या जवळचं उदाहरण जिंदर महाल. माणूस कॅनडाचा पण इंडियन मार्केटसाठी त्याला पुढे आणला. बरेच महिने आल्यागेल्याकडून हरणारा माणूस, एप्रिल 2017 मध्ये एक मॅच जिंकून नंबर वन दावेदार, मे मध्ये ऑर्टनला हरवून डब्ल्यूडब्ल्यूई चॅम्पियन. मेहनत केली होती त्याने, बॉडी बघा, पण लोकांना पटायला वेळच दिला नाही. नोव्हेंबरमध्ये एजे स्टाइल्सने पट्टा घेतला आणि डिसेंबरमध्ये दिल्लीत शो झाला तेव्हा तिथेही तो ट्रिपल एचकडून हरला. ज्या मार्केटसाठी एवढा खटाटोप केला तिथेच! मी त्या रात्री टीव्ही बंद करून जेवायला गेलो.

आता हरायचं कसं, कारण जिंकणं कोणीही लिहितंय.

रेसलमेनिया 13, मार्च 1997, ब्रेट हार्ट विरुद्ध ऑस्टिन, सबमिशन मॅच, म्हणजे समोरच्याला हार मानायला लावायची. ऑस्टिन ब्रेटच्या शार्पशूटर पकडीत अडकलाय, तोंड रक्ताने भरलंय, पण टॅप करत नाही, म्हणजे हार मानत नाही, बेशुद्ध पडतो. हरला. आणि त्या एका हरण्याने तो हील होता तो हिरो झाला आणि ब्रेट हिरो होता तो हील. सिनाचंही तेच, जून 2002 ची पहिली मॅच तो कर्ट अँगलकडून हरला, पण शेवटपर्यंत लढला आणि पडद्यामागे अंडरटेकरने येऊन हात मिळवला. पोराला हरवायचं असेल तर हरताना लोकांना काहीतरी दिसू द्या, दम, माज, डोळ्यातली खुन्नस, काहीही. दोन मिनिटात चितपट आणि पुढचा सेगमेंट असं केलं तर तो आठवड्यात विसरला जातो.

मोठा माणूस हरताना मात्र साफ हरला पाहिजे. डिसेंबर 1997 चा डब्ल्यूसीडब्ल्यूचा स्टारकेड शो, स्टिंग वर्षभर छतावरून गपचूप बघत होता, लोक होगनशी त्या एका मॅचसाठी थांबलेले, आणि शेवटी रेफरीचा फास्ट काउंट (पिनचे एक-दोन-तीन घाईत मोजणं) म्हणून जो प्लॅन होता तो काउंट नॉर्मलच झाला, म्हणजे होगन सरळ जिंकल्यासारखा दिसला आणि मग ब्रेटने येऊन मॅच परत चालू करायला लावली. स्टिंग जिंकला, पण चव गेली. गोल्डबर्गची सलग जिंकायची गाडी पण अशीच, वर्षभर बांधलेली, आणि डिसेंबर 1998 ला केव्हिन नॅशने करंटच्या काठीच्या मदतीने थांबवली. ती हार एखाद्या नवीन पोराच्या खात्यात टाकली असती तर तो पोरगा पुढची पाच वर्षं त्यावर जगला असता, नॅश तर आधीच स्टार होता, त्याला काय उपयोग? तिकडे जेरिको गोल्डबर्गची टर उडवून हशा मिळवत होता, त्यांची मोठी मॅच लावलीच नाही, 1999 मध्ये जेरिको समोरच्या कंपनीत गेला.

म्हणून वहीत एक पान वेगळं ठेवा, तुमच्या कंपनीतल्या अशा हारी लिहायला ज्या एकदाच खर्च करता येतात. आमच्याकडे सध्या अशा दोन आहेत आणि त्यातली एक माझ्याच चॅम्पियनची आहे. या महिन्यात बुकर मी आहे, तो पडणार, साफ पडणार, कोणाकडून ते आत्ता सांगत नाही कारण ग्रुपवरची दोन कार्टी हे वाचतायत.