कृष्णाकाठच्या सायकल प्रवासासाठी चिखलाची तयारी

कोल्हापुरातून निघून नरसोबाची वाडी, कुरुंदवाड, खिद्रापूर, सांगली, औदुंबर या क्रमाने कऱ्हाडच्या प्रीतिसंगमापर्यंत सायकलने जाणाऱ्यांना चढांपेक्षा काळ्या मातीचाच त्रास अधिक होतो. अवकाळी पावसाची एखादी सर पडली तरी शेतरस्त्यावरची ही माती टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये घट्ट बसते आणि चाक फिरायचेच थांबते. म्हणून मडगार्ड व टायर यांच्यात किमान दोन बोटांचे अंतर ठेवावे किंवा मडगार्ड काढूनच निघावे, आणि माती खरवडण्यासाठी बांबूची चपटी काडी हँडलला बांधून ठेवावी. लोखंडी पट्टीने टायर कापला जाण्याची भीती असते.

जुलै-ऑगस्टमध्ये वाडीचे दत्तमंदिरही पुराच्या पाण्याखाली जाते, तेव्हा हा प्रवास टाळावा. डिसेंबर-जानेवारीची हवा उत्तम, मात्र तो उसाचा हंगाम असतो. उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरला मागून ओलांडू नये, कारण बाहेर आलेली उसाची टोके थेट खांद्याच्या उंचीवर येतात आणि मागची ट्रॉली वळणावर आत ओढली जाते. शिवाय अनेक ट्रॉल्यांना मागे दिवा नसल्याने अंधार पडण्यापूर्वी मुक्काम गाठावा.

खिद्रापूरसाठी मात्र अर्धा दिवस राखून ठेवावा. तिथल्या कोपेश्वर या प्राचीन शिवमंदिरातील स्वर्गमंडपाचे 48 खांब घाईत पाहण्यासारखे नाहीत, आणि वरच्या गोल मोकळ्या छतातून येणारे सकाळचे ऊन पाहायचे तर आदल्या रात्री कुरुंदवाडला राहणेच सोयीचे.