जनुक अहवालात 'कोल-क्यू' आले असेल तर तो कसा वाचावा

बाळ दूध ओढता ओढता दमते, पापण्या खाली येतात, मान सावरत नाही. तपासण्यांच्या फेऱ्यांनंतर अहवाल हाती येतो आणि त्यात सी, ओ, एल, क्यू ही चार अक्षरे असतात.

आधी या जनुकाचे काम समजून घ्या, पुढचे सगळे त्यावरच उभे आहे. चेतातंतू स्नायूला निरोप देतो तो अ‍ॅसिटिलकोलीन या रसायनामार्फत. निरोप पोचला की ते लगेच तोडावे लागते आणि ते काम एक एन्झाइम करते. त्याला चेतातंतू आणि स्नायूच्या जोडाच्या अरुंद फटीत धरून ठेवते या जनुकापासून बनणारे कोल-क्यू हे प्रथिन. तीन धागे पिळलेला दोर समजा. प्रत्येक धाग्याला एन्झाइमचे चार रेणू, म्हणजे एकूण 12, आणि दोराचे दुसरे टोक स्नायूभोवतीच्या पातळ पटलात रुतलेले. दोर सदोष असला की एन्झाइम जागेवर टिकत नाही, अ‍ॅसिटिलकोलीन रेंगाळते आणि स्नायू थकतो. हा जन्मजात मायस्थेनियाचा, म्हणजे स्नायू लवकर थकण्याच्या आजाराचा, एक प्रकार.

आता अहवालातले बदल मोजा. हे जनुक 3 क्रमांकाच्या गुणसूत्रावर असते आणि आजारासाठी त्याच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असाव्या लागतात. एकच बदल असेल तर व्यक्ती बहुधा नुसती वाहक असते. दोन वेगळे बदल दिसले, तर आईवडिलांचीही तपासणी करून घ्या. दोन्ही एकाच प्रतीवर असू शकतात. बदलापुढे 'अनिश्चित' असा शेरा असेल तर तेवढ्यावर निदान पक्के धरू नका. अशा वेळी इतर खुणा मदतीला येतात. डोळ्यावर प्रकाश टाकला की बाहुली चटकन आकसायला हवी. या आजारात ती काही जणांमध्ये सावकाश आकसते. चेतातंतूला एकच झटका दिला तरी स्नायूचा प्रतिसाद दोनदा उमटू शकतो.

औषधाचा प्रश्न मात्र आजच विचारा. मायस्थेनिया म्हटले की पायरिडोस्टिग्मिन सुरू होते. ते याच एन्झाइमला रोखते. इथे एन्झाइम आधीच अपुरे, त्यामुळे त्रास वाढू शकतो. गोळी चालू असेल तर मनाने बंद करू नका, त्याच दिवशी मेंदूविकारतज्ज्ञांना अहवाल दाखवा. इफेड्रिन किंवा साल्ब्युटामॉलने अनेकांना फायदा होतो, पण तो दिसायला आठवडे, कधी महिने लागतात. चार दिवसांत आशा सोडू नका.

जनुकाचे नाव आणि टाळायचे औषध एका कागदावर लिहून दवाखान्याच्या फाईलमध्ये सगळ्यात वर लावा. तापात श्वास अपुरा पडू लागला, तर तातडीच्या विभागात हाच कागद पहिल्यांदा पुढे करायचा.